स्पीकरमधले अण्णा

मिरजगाव
सोमवार, १३ जानेवारी २०२५

प्रिय स्टेला,

सलाम. तू मोबाईलवर माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. संगमनेर काही परदेश नाही, परवापर्यंत पोचेल. न वाचता फाडलंस तरी पाकिटावरचं अक्षर कोणाचं ते तुला कळेलच.

अण्णांबद्दल मला काही कळवायचं नाही, असं तू जाताना बजावलं होतंस. ते तुझे वडील, पण चर्चच्या सगळ्या मंडळीसारखी तूही त्यांना अण्णाच म्हणायचीस. तुझा शब्द मी इतकी वर्षं पाळला. आता राहवत नाही, कारण मला संशय येतोय आणि इथे तो बोलून दाखवायची सोय नाही. अण्णांबद्दल शंका काढली की लोक देवाबद्दल काढल्यासारखे बघतात.

हायवेला आपल्या चर्चकडे वळायच्या फाट्यावर नवा फ्लेक्स लागला आहे. 'देवाचा सेवक, आमचा आधार, पाळक कृपादान.' अण्णांचा चेहरा एवढा मोठा की एसटीतून उतरणाऱ्याला आधी तोच दिसतो. क्रूस खाली कोपऱ्यात, फ्लेक्स छापणाऱ्याच्या फोन नंबरशेजारी. उपासना संपली की लोक ओळीने त्यांच्या पायावर डोकं टेकवतात. पूर्वी कोणी नुसतं वाकलं तरी अण्णा दंड धरून उठवायचे, रागवायचे. आता खुर्चीत बसून राहतात. हूं की चूं नाही.

गेल्या दिवाळीपासून ते कोणाच्या घरी आलेले नाहीत. आजाऱ्याकडे नाही, बाळाच्या बाप्तिस्म्याआधीच्या प्रार्थनेला नाही. बंगल्यात बेंजामिन सोडून कोणाला प्रवेश नाही. बेंजामिन तुला आठवतो, अण्णांची जीप चालवायचा. आता चर्चच्या पंचांचा प्रमुख झाला आहे. मी दारात गेले की म्हणतो, अण्णा प्रार्थनेत आहेत. सकाळी गेले तरी प्रार्थनेत, शाळा सुटल्यावर गेले तरी प्रार्थनेत. मी त्यांच्या बायकोची सख्खी भाची, पण मलाही उंबऱ्याच्या आत घेत नाही.

माणूस एवढं लपवतो ते लाजेचंच असतं. जमिनीची भानगड की बाईची, एवढंच मला शोधायचं आहे. आणि खरं सांगू? काही सापडलं तर मला वाईट वाटणार नाही. मावशी गेली त्या दिवशी अण्णा खर्डा गावच्या प्रार्थनासभेत होते. 'बायको मरणाच्या दारात, तरी सेवकाने सभा सोडली नाही,' ही साक्ष बेंजामिन अजून दरवर्षी देतो आणि बायका अजून डोळे पुसतात. तुझ्या आईचं मरण त्यांनी अण्णांच्या गळ्यातला हार करून टाकलं. तू ती साक्ष पहिल्यांदा ऐकलीस आणि उपासनेतून उठून सरळ बॅग भरलीस. तुझं चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

तुझी अक्का,
रेबेका


मिरजगाव
सोमवार, २७ जानेवारी

प्रिय स्टेला,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, तेव्हा पुढचं लिहिते.

काल जे झालं ते तुला समजायला आधी अण्णा हल्ली उपदेश कसा करतात ते सांगायला हवं. खुर्ची पुलपीटच्या मागे ओढून घेतली आहे. अण्णांच्या डोक्यावरून शाल. तोंडासमोर माइक आणि माइकसमोर फुलदाणी. घसा नाजूक झालाय, म्हणून बसून बोलतात, असं बेंजामिन सांगतो. आवाज मात्र स्पीकरमधून पूर्वीसारखाच खणखणीत येतो. ओठ हलताना मला दिसलेले नाहीत. पण मी मागे बसते, आणि माझ्या डोळ्यांचं वयही झालंय, म्हणून आजवर गप्प राहिले.

काल उपदेश रंगात आला असताना अण्णांचा आवाज म्हणाला, "आसारामदादा पुढच्या ओळीत बसलेत. दादा, नुसती मान डोलावू नका, उत्तर द्या."

आसारामदादांची माती होऊन दुसरं वर्ष चालू आहे. मी स्वतः गेले होते मातीला.

त्यांची बायको रतनबाई बायकांच्या बाजूला बसली होती. ती हळूच उठली, पुढच्या ओळीपर्यंत गेली आणि रिकाम्या जागेसमोर उभी राहिली. "हाय हितं," एवढंच म्हणाली. "अण्णांना दिसलं माझं मानूस." मग एकेक जण रडायला लागला. कोणी गुडघ्यावर आलं, कोणी हात वर केले. मी बेंजामिनकडे पाहिलं. तो अण्णांकडे बघत नव्हता, पुढच्या ओळीकडेही नाही. कोपऱ्यातल्या साउंड मशीनवर वाकला होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात ते वाक्य फिरत होतं, आणि चहा टाकताना आठवलं. ते मी आधी ऐकलं आहे. तेव्हा आसारामदादा खरोखरच पुढच्या ओळीत पेंगत होते आणि अण्णांनी टोकल्यावर आम्ही सगळे हसलो होतो. रतनबाई सगळ्यात जास्त हसली होती. स्टेला, तो जुना उपदेश आहे. बेंजामिन मोबाईलवर भरून ठेवायचा, त्यातलाच. अण्णा बोलतच नाहीत. अण्णांच्या नावाने स्पीकर बोलतो.

मंडळीतल्या अर्ध्या लोकांना तो दिवस आठवायला हवा. आठवत असेलही. पण चमत्कार पदरात पडत असताना जुना विनोद कोण आठवत बसतो?

आज सकाळपासून बंगल्याच्या फाटकाशी लोक आपापल्या मेलेल्यांचे फोटो घेऊन उभे आहेत. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की मेलेल्यांना विचारायला जायचं नाही. शिकवलं कोणी, तर अण्णांनीच. रतनबाई फाटकाच्या पायरीवर बसून आहे. मी तिला घरी चल म्हटलं, तर म्हणाली, धनी काय बोलले ते अण्णा बाहेर येऊन सांगत न्हाईत, तवर मी अन्न शिवनार न्हाई.

बेंजामिन हे थांबवू शकतो. एक वाक्य बोलला तरी थांबेल. का बोलत नाही? आणि अण्णा काय म्हणून गप्प बसलेत? दोघांनी मिळून काय मांडलंय?

रेबेका


मिरजगाव
गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रिय स्टेला,

मी आत जाऊन आले. हे पत्र निवांत बसून वाच.

रतनबाईचा उपास चालूच होता. पाणी आणि चहा, बाकी काही नाही. मंगळवारी शाळेतून येताना पाहिलं तर ती पायरीवरच कलंडली होती. मी तिला खांद्याला धरून बंगल्याच्या ओट्यावर आणलं आणि दार वाजवत राहिले. बेंजामिनने दार उघडलं, तिची अवस्था पाहिली आणि साखर आणायला स्वयंपाकघरात धावला. दार उघडंच राहिलं. मी आत गेले.

अण्णा खाटेवर बसून स्वेटरची बटणं लावत होते. लावून झाली की काढत होते. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, ओळखलं. ते म्हणाले, "सुशीला, गाडी आली का?"

मी मावशीसारखी दिसते असं सगळेच म्हणतात. ते खाली वाकून चपला शोधायला लागले. "मी यांना म्हणतोय, मला सोडा. घरी बायको आजारी आहे. हे सोडत नाहीत," ते म्हणाले. मग हळू आवाजात, कोणी ऐकेल अशा भीतीने, "तूच सांग ना यांना."

बेंजामिन दारात येऊन उभा होता. रतनबाईला साखरपाणी पाजून आला होता. नंतर आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो आणि त्याने सगळं सांगितलं. मी फारसं विचारलंही नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी अण्णा उपदेश करता करता थांबले आणि पुढचं आठवेना. मग घराची वाट चुकायला लागले. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याचा आजार आहे, आठवण जात राहील, औषधाने फार तर वेग कमी होईल. बेंजामिनने हे पंचांनाही कळू दिलं नाही. पहिल्यांदा रेकॉर्डिंग लावलं ते एका रविवारची वेळ निभावून न्यायला. लोक रडले, बरे होऊन गेले, मग पुढच्या रविवारी पुन्हा लावलं.

मी त्याला खर्ड्याचं विचारलं.

त्या दिवशी दुपारीच मावशी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला होता, म्हणाला. अण्णांनी त्याला गाडी काढायला सांगितलं, ते गाडीत बसलेही. लोकांनी जीपला गराडा घातला. अण्णा, एवढ्या लेकरावर हात ठेवा. अण्णा, माझ्या आईवर. कोणी बोनेटवर डोकं टेकवलं होतं. अण्णा खाली उतरले. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. शेवटी बसले तेव्हा मावशी गेल्याचा फोन आला होता.

"मग मंडळीत तसं का नाही सांगितलंस?"

"मी खोटं न्हाई बोललो, ताई. अण्णांनी सभा सोडली न्हाई, हे खरंच हाय. सोडायची हुती, एवढंच सांगितलं न्हाई."

"आणि अण्णा? ते समोर बसून ऐकत होते ना?"

"लोक रडत हुते. अण्णा खाली बघत ऱ्हायले. घरी आल्यावर मला म्हनले, गाडी धुऊन ठेव."

स्टेला, मी यावर लगेच विश्वास ठेवला नाही. आजाऱ्याच्या तोंडचं वाक्य आणि आपली कातडी वाचवणाऱ्या माणसाची कहाणी, दोन्ही गोष्टी सोयीच्या आहेत. पण बेंजामिनने यात स्वतःला वाचवलेलं नाही, आणि अण्णा तर वाचवायच्या पलीकडे गेलेत. मी जमीन शोधत होते, बाई शोधत होते. सापडला तो लोकांना कधी नाही म्हणता न आलेला एक माणूस. त्यापायी त्याने तुझी आई एकटी मरू दिली आणि नंतर त्याचीच वाहवा ऐकून घेतली. यात त्याचा दोष नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या दोषासाठी आपण दोघींनी त्याला दूर केलं, तो हा नव्हता.

मी बेंजामिनला म्हटलं, येत्या रविवारी मंडळीला खरं सांग. तेव्हा तो रडला. म्हणाला, "मी दारू सोडली ती त्यांच्या तोंडाकडं बघून. ते तोंड असं झालंय म्हटल्यावर मी कुनाकडं बघू?"

"क्रूसावर अण्णा गेले नव्हते, बेंजामिन."

"कळतंय, ताई. पन येशू दिसत न्हाई. अण्णा दिसत हुते."

मी जन्मापासून ख्रिस्ती, संडेस्कूल शिकवते, आणि तरी उठून त्याला फक्त पाण्याचा पेला दिला.

बाहेर येऊन मी रतनबाईला सगळं समजावलं. रेकॉर्डिंग, मोबाईल, जुना उपदेश. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमास्नी न्हाई दिसलं, म्हून तुमी सांगताय." दूध तेवढं घ्यायला कबूल झाली, आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसली.

रेबेका


मिरजगाव
सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय स्टेला,

नऊ तारखेला बेंजामिन बोलला नाही. तब्येतीचं कारण सांगून त्याने अण्णांना आणलंच नाही. काल आणलं, आणि मला फाटकातच म्हणाला, आज सांगतो. मी पुढच्या ओळीत जाऊन बसले. आसारामदादांची म्हणून मोकळी ठेवलेली जागा माझ्या शेजारीच होती.

गीतं झाली, वाचन झालं आणि त्याने मशीन चालू केलं. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे बघेना. स्पीकरमधून अण्णा बोलायला लागले. लोक डोळे मिटून ऐकत होते.

मग खुर्चीतल्या अण्णांनी डोक्यावरची शाल काढली. इकडे तिकडे पाहिलं. आवाज कुठून येतोय ते शोधत होते. स्पीकर सापडल्यावर त्याच्याकडे बोट करून मोठ्याने म्हणाले, "हा कोण बोलतोय? फार बोलतो. त्याला बसायला सांगा."

स्पीकरमधले अण्णा बोलतच होते. खुर्चीतले अण्णा त्यांच्यावर चिडले होते. मंडळीने डोळे उघडले. दोन्हीकडे एकच आवाज, एक तरुण, एक म्हातारा. मागे कोणीतरी लहान मूल हसलं. बेंजामिनने हात लांब करून बटण बंद केलं, आणि तिथेच जमिनीवर खाली बसला.

कोणी काही बोलायच्या आत रतनबाई पुढे आली. पार अण्णांच्या खुर्चीपर्यंत गेली. पाया पडली नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, "अण्णा, आमचं मानूस तुमास्नी दिसलं का?"

अण्णांनी तिच्याकडे नीट बघितलं. इतकं नीट, की मला वाटलं आता ते पुन्हा लोकांना हवं ते देणार. ते म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. मला काहीच आठवत नाही. देवाला विचारा."

बायबलमधली लुस्त्र गावची गोष्ट तुलाही त्यांनीच शिकवली असेल. लोक प्रेषितांना देव समजून बैल आणि हार घेऊन आले, तेव्हा त्यांनी आपले कपडे फाडले, आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत म्हणून ओरडले. अण्णांनी खर्ड्याला कपडे फाडले नाहीत. त्या साक्षीच्या रविवारी फाडले नाहीत. काल, सगळं विसरून गेल्यावर, फाडले असं मला वाटतं. ही कृपा होती की नुसता आजार, ते मी ठरवत नाही.

मी रतनबाईला घरी नेलं. चूल पेटवली, भाकरी टाकली. तिने अर्धी खाल्ली आणि म्हणाली, "आज परत गेला बघा माझा धनी." मग बाकीची अर्धीही खाल्ली.

इथे आता तट पडले आहेत. काही लोक घरातून अण्णांचे फोटो काढतायत, आणि त्यांचा राग बघून मला भीती वाटते. ज्याचे पाय काल धुऊन पाणी प्यायला तयार होते, त्यालाच आज ढोंगी म्हणतायत. तो बिचारा ढोंगी होण्याइतकाही शुद्धीवर नाही. काही म्हणतात, मीच बंगल्यात जाऊन काहीतरी केलं. फाटकाशी अजून फोटोवाले येतात.

मी तुला क्षमा कर म्हणणार नाही. ते माझं काम नाही. पण पंचांची उद्या बैठक आहे आणि अण्णांना कुठे ठेवायचं हे परकी माणसं ठरवणार आहेत. ते आमचे नाहीत, स्टेला. कधीच नव्हते. आम्ही तुझे वडील तुझ्याकडून घेतले आणि मोठे करून भिंतीला लावले. आता जे उरलंय ते तुझं आहे. नको असेल तर तसं कळव, मी बघेन.

रेबेका


मिरजगाव
सोमवार, २४ मार्च

प्रिय स्टेला,

अण्णा संगमनेरला तुझ्या घरी रुळले हे फोनवर ऐकून बरं वाटलं. माझा नंबर पुन्हा चालू केलास, तरी हे लिहूनच सांगायचं ठरवलं. फोनवर मी रडले असते, आणि तुला रडणाऱ्या बायकांचा कंटाळा आहे.

आधी इथलं. अण्णा गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी पंचांपैकी एकाने मला त्या खुर्चीत बसायला सांगितलं. 'ताई, तुम्हाला सगळं आधी कळलं, तुमच्यात काहीतरी आहे.' मागून दोनचार जणांनी मान डोलावली. एवढं सगळं होऊन त्यांना खुर्ची रिकामी बघवत नव्हती. मी ती उचलून शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली. आता मुलं तीवर दप्तरं टाकतात. फाट्यावरचा फ्लेक्स बेंजामिनने स्वतः उतरवला. तो अजून पिलेला नाही. रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येऊन बसतो, आणि मी रोज त्याच्याकडे संशयाने बघते, वास येतो का म्हणून. तोही ते ओळखून आहे. "आज बी न्हाई, ताई," म्हणतो.

तू आलीस त्या दिवशीचं आता सांगते. तू आम्हाला पाठमोरी, खाली वाकलेली होतीस, त्यामुळे तुला जे दिसलं नाही ते.

तू काहीही न कळवता आलीस. फाटकाशी लोक होते, पण तू कोण हे नव्यांना माहीत नव्हतं आणि जुन्यांनी वाट करून दिली. अण्णा ओट्यावर उन्हाला बसले होते. तू समोर उभी राहिलीस, आणि त्यांनी सवयीने तुझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला. "काय त्रास आहे, मुली?" असं विचारलं. मला वाटलं, तू आता फिरून निघून जाणार. एवढा प्रवास करून आलीस आणि बापाला तू कोण हेही माहीत नाही. मी पुढे व्हायला निघाले होते.

तू त्यांचा हात धरून खाली त्यांच्या मांडीवर ठेवलास. म्हणालीस, "मला काही त्रास नाही. तुमचे पाय दाखवा."

बेंजामिन गरम पाण्याचं घमेलं घेऊन आला. मग तो मला म्हणाला की अंघोळ घालायचो, कपडे बदलायचो, पण अण्णांच्या पायाला नेलकटर लावायला माझा हात धजला नाही. तू खाली मान घालून काम करत होतीस, तेव्हा अण्णांचा चेहरा मी पाहत होते. पहिल्यांदा ते कळवळले. मग दुखायचं थांबलं तसे ते हळूहळू मागे टेकले, खांदे सैल पडले. तुझ्या डोक्याकडे बघत राहिले. एकदा म्हणाले, "हात हलका आहे हिचा." कोणालाच उद्देशून नाही. ते तू ऐकलंस का, मला ठाऊक नाही.

फाटकावर उभे असलेले एकेक जण निघून गेले. बघण्यासारखं काही नव्हतं तिथे. एक बाई एका म्हाताऱ्याची नखं काढत होती.

अंगठ्याचं नख वळून मांसात गेलं होतं, स्टेला. खाली पू झाला होता. एवढे रविवार एवढ्या लोकांनी त्या पायांवर डोकी टेकवली, मीही मागे बसून ते सगळं बघत होते, आणि कोणाला दिसलं नाही.

तुझी अक्का,
रेबेका